छापील अट एक, ऑफर दुसरी

ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर प्रत्येक अभ्यासक्रमापुढे प्रवेशाची अट दिलेली असते : ‘ए-स्टार, ए, ए’ किंवा ‘ए, ए, बी’. ए-लेव्हलच्या, म्हणजे तिथल्या बारावीच्या पातळीच्या परीक्षेच्या, तीन विषयांत एवढे ग्रेड मिळवले की जागा मिळेल, असाच अर्थ अर्ज भरणारी सतरा-अठरा वर्षांची मुलं आणि त्यांचे पालक लावतात. त्यांचं यात काही चुकत नाही. पण काही महिन्यांनी ऑफर हातात पडते, तेव्हा एखाद्या ‘ए’च्या जागी ‘ए-स्टार’ मागितलेला दिसतो. यावर विद्यापीठांचं उत्तर ठरलेलं असतं. छापलेली अट ‘किमान’ किंवा ‘सर्वसाधारण’ होती, प्रत्यक्ष ऑफर ज्याच्या त्याच्या अर्जावर ठरते. कायद्यात हे उत्तर बहुतेक वेळा बसतं, कारण जाहीर केलेली माहिती म्हणजे करार नव्हे. तरीही ही पद्धत अन्यायाची आहे असं मी म्हणतो, कारण अट वाढवली जाते ती विद्यार्थ्याच्या हातातल्या निवडी संपल्यानंतर.

हे नीट समजायचं तर तिथली प्रवेशपद्धत पाहावी लागते. सगळे अर्ज ‘यूकास’ या एकाच संस्थेमार्फत जातात आणि एका विद्यार्थ्याला जास्तीत जास्त पाच अभ्यासक्रम निवडता येतात. वैद्यकीयसाठी तर चारच. सुरुवातीचे थोडे दिवस सोडले तर निवडलेलं नाव बदलता येत नाही. त्यामुळे या पाच जागा मुलं हिशेबानं वापरतात. समजा, एका मुलीला शिक्षकांनी ‘ए-स्टार, ए, ए’चा अंदाज दिला आहे. ती एक अभ्यासक्रम त्याहून वरचा घेते, दोन अगदी त्याच अटीचे, एक ‘ए, ए, ए’चा आणि एक ‘ए, ए, बी’चा. हाती आलेल्या ऑफरमधून शेवटी तिला दोनच ठेवता येतात : पहिली पसंती, म्हणजे ‘फर्म’, आणि आधाराची, म्हणजे ‘इन्शुरन्स’. आता तिच्या मधल्या दोन्ही अभ्यासक्रमांनी दोन-दोन ‘ए-स्टार’ मागितले आणि चौथ्यानं एक मागितला, की तिची सगळी मांडणी एका पायरीनं वर सरकते. आधाराला धरलेला अभ्यासक्रम आधाराचा राहत नाही. अट आधी कळली असती तर तिनं चौथं आणि पाचवं नाव निराळं घातलं असतं. तिचं नुकसान होतं ते नेमकं इथे, आणि ऑगस्टच्या निकालाआधीच ते होऊन गेलेलं असतं.

विद्यापीठं असं का करतात, याचं कारण खोडसाळपणा नाही. एकदा ऑफर दिली, विद्यार्थ्यानं ती स्वीकारली आणि अट पूर्ण केली, की जागा द्यावीच लागते. किती जण ऑफर स्वीकारतील आणि त्यातले किती जण ग्रेड गाठतील, हे मात्र कुणालाच आधी नक्की सांगता येत नाही. इंग्लंडमध्ये इतर बहुतेक अभ्यासक्रमांवरची विद्यार्थिसंख्येची मर्यादा 2015 मध्ये उठली, पण वैद्यकीयच्या जागा आजही सरकार ठरवतं. हा अंदाज चुकला तर काय होतं, ते करोनाकाळात दिसलं. परीक्षा रद्द झाल्या आणि ग्रेड शिक्षकांनी दिले. 2019 मध्ये ए-लेव्हलचे सुमारे 25 टक्के निकाल ‘ए’ किंवा त्याहून वरचे होते, 2021 मध्ये ते 44.8 टक्क्यांवर गेले. एक्सेटर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेला त्या वर्षी, प्रवेश एक वर्ष पुढे ढकलायला तयार असलेल्यांना 10,000 पौंड आणि मोफत निवास देऊ करावा लागला. असा फटका बसू नये म्हणून मागणी असलेल्या विभागांनी अट एका ग्रेडनं वर नेणं समजण्यासारखं आहे. पण मग ही जोखीम कुणाची, हे स्पष्ट बोलायला हवं. जागा किती आणि मागणी किती, हा विद्यापीठाच्या नियोजनाचा प्रश्न आहे. अट मध्येच वाढवली, की तो विद्यार्थ्याच्या गळ्यात पडतो.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, ज्या मुलाचा अंदाजच तीन ‘ए-स्टार’चा आहे, त्याच्याकडे तेवढे मागितले तर बिघडलं कुठे? बिघडतं, कारण हे अंदाज फार कच्चे असतात. जिल विनेस यांनी 2016 मध्ये केलेल्या अभ्यासात सर्वोत्तम तीन विषयांचा अंदाज जेमतेम 16 टक्के विद्यार्थ्यांच्या बाबतीत बरोबर निघाला. 75 टक्के विद्यार्थ्यांना प्रत्यक्षात अंदाजापेक्षा कमी ग्रेड मिळाले. शिक्षक मुलाच्या भल्यासाठी अंदाज थोडा चढा देतात आणि विद्यापीठ त्याच चढ्या अंदाजावर ऑफर बेततं. निकाल हातात आल्यावर प्रवेश द्यावेत, हा यावरचा सरळ उपाय होता. सरकारनं त्यावर 2021 मध्ये मतं मागवली आणि 2022 च्या फेब्रुवारीत तो सोडून दिला. म्हणजे अंदाजांचा खेळ चालूच राहणार, आणि तो चालू असेपर्यंत निदान समोरची अट तरी जागची हलू नये, एवढं मागणं अवाजवी नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. कुणाला कोणत्या अटीवर घ्यायचं, हे स्वातंत्र्य विद्यापीठांचं आहे आणि इंग्लंडमधल्या 2017 च्या उच्च शिक्षण कायद्यानं त्याला संरक्षणही दिलं आहे. ते काढून घ्यावं असं कुणी म्हणत नाही, मीही नाही. प्रश्न आहे तो आधी सांगण्याचा. केंब्रिज आपल्या नेहमीच्या अटीसोबतच सांगतं की एखादं कॉलेज त्याहून जास्त मागू शकेल, आणि गणिताला ‘स्टेप’ ही वेगळी परीक्षा लागेल हेही तिथे लिहिलेलं असतं. ते कठीण आहे, पण लपवलेलं नाही. ग्राहकहिताचं काम पाहणाऱ्या ‘कॉम्पिटिशन अँड मार्केट्स अथॉरिटी’नं 2015 च्या मार्गदर्शनात विद्यार्थ्याला आधीच द्यायच्या महत्त्वाच्या माहितीत प्रवेशाच्या अटींबरोबर नेहमीच्या ऑफरची पातळीही घातली आहे. किमान अट ठळक छापायची आणि नेहमीची ऑफर कुठेच सांगायची नाही, हे त्या मार्गदर्शनाच्या हेतूशी जुळत नाही.

उलट बाजूही आहेच. ऑगस्टमध्ये जागा उरल्या की हीच विद्यापीठं एखाद-दोन ग्रेड कमी असलेल्यांनाही घेतात. अनुभवी सल्लागार नेमणाऱ्या महागड्या शाळांना हे सगळं पाठ असतं. जिच्या घरात आजवर कुणी विद्यापीठाचं तोंड पाहिलेलं नाही, त्या मुलीला छापलेली अट हीच शेवटची वाटते. ती एक तर अर्जच करत नाही किंवा वाढीव ऑफर पाहून कोसळते. हाच गोंधळ आपल्याकडून जाणाऱ्यांच्याही वाट्याला येतो. अभ्यासक्रमाच्या पानावर ए-लेव्हलचे ग्रेड असतात, भारतासाठीची टक्केवारी वेगळ्या पानावर, आणि काही विद्यापीठं राज्य मंडळाच्या बारावीला सीबीएसईपेक्षा जास्त टक्के मागतात. आपल्या अभियांत्रिकी प्रवेशात दोष पुष्कळ आहेत. तरी कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेरीनंतर कोणत्या कॉलेजचा कट-ऑफ कुठे थांबला, हे कुणालाही उघडून पाहता येतं.

यूकासनं 2024 पासून आधीच्या वर्षांत कोणत्या ग्रेडवर प्रवेश मिळाले, हे विद्यार्थ्यांना दाखवायला सुरुवात केली आहे. पाऊल चांगलं आहे, पण त्यातून प्रवेश मिळालेल्यांचे ग्रेड कळतात. ऑफरमध्ये काय मागितलं होतं, ते कळत नाही. विद्यापीठांनी प्रत्येक अभ्यासक्रमापुढे मागच्या वर्षीची सर्वांत खालची आणि सर्वांत वरची ऑफर द्यावी, बहुतेकांना कोणती मिळाली ते लिहावं आणि अर्जांची मुदत संपल्यावर त्या वर्षापुरती वरची मर्यादा ओलांडू नये. यानं विद्यापीठं मुद्दाम वरचा आकडा फुगवतील आणि गरीब घरची मुलं बिचकतील, अशी भीती दाखवली जाते. ती खोटी नाही. म्हणूनच वंचित पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना दिली जाणारी सवलतीची ऑफर तळटीपेत न टाकता त्याच ओळीत, त्याच ठळक अक्षरात छापायला हवी.