पाटी मालकाची, नाव गावाचे

सिॲटलच्या ईशान्येला, समामिश नदीकाठच्या बॉथेल गावात १९३१ साली बांधलेली शाळेची एक इमारत आहे. गावच्या शाळांचे पहिले अधीक्षक विल्बर्ट अँडरसन यांचे नाव तिला मिळाले. तिथले वर्ग बंद होऊन बरीच वर्षे झाली. ऑक्टोबर २०१५ पासून त्या आवारात हॉटेल चालते. ७२ खोल्या, सिनेमागृह, उपाहारगृहे, बार आणि पोहण्याचा तलाव. पोर्टलँडच्या माइक आणि ब्रायन मॅकमेनामिन या भावांच्या कंपनीने त्यावर सुमारे २ कोटी ६० लाख डॉलर खर्च केले. तरीही हॉटेलाचे नाव ‘अँडरसन स्कूल’ असेच आहे.

रेडमंड, बॉथेल, समामिश या पट्ट्यात संगणक क्षेत्रातली मराठी कुटुंबे बरीच आहेत. देशातून आईवडील आले की त्यांना हे हॉटेल दाखवायला नेणारे अनेक जण. पूर्वी जिथे मुलांना सुतारकाम शिकवत, त्या जागेतल्या बारचे नाव आजही ‘वुडशॉप’ आहे. खोल्यांना शाळेशी आणि गावाशी संबंध असलेल्या माणसांची नावे दिली आहेत. भिंतींवर जुनी छायाचित्रे आहेत आणि कंपनीच्या पदरी असलेल्या चित्रकारांनी त्या माणसांच्या गोष्टी रंगवल्या आहेत. या कंपनीकडे इतिहासकारही नोकरीला असतात. इमारत ताब्यात घेतली की ते जुनी कागदपत्रे चाळतात, माजी विद्यार्थ्यांना भेटतात. पोर्टलँडमधली १९१५ची केनेडी शाळा त्यांनी १९९७ साली हॉटेल म्हणून उघडली, तेव्हाही नाव ‘केनेडी स्कूल’च ठेवले. तिथल्या एका बारचे नाव ‘डिटेन्शन’, म्हणजे शिक्षा म्हणून थांबवून ठेवण्याची खोली, आणि दुसऱ्याचे ‘ऑनर्स’, हुशार मुलांचा.

बॉथेलमध्ये आणखी एक गोष्ट घडली. ही जागा शाळा-मंडळाकडून आधी नगरपालिकेने घेतली आणि मग कंपनीशी करार केला. त्या करारात आवारातल्या तलावात पोहण्यासाठी गावकऱ्यांना पैसे पडू नयेत, अशी सोय करून ठेवली. विकणारा सार्वजनिक असला आणि त्याला गावाची चाड असली, तर कागदावर काय काय लिहून घेता येते, याचा हा नमुना.

जुन्या, नामांकित हॉटेलाचे मालक बदलतात, चालवणारे बदलतात, आणि पाटी बदलली की गाव संतापते. व्यवस्थापन-शास्त्रातली मंडळी त्या संतापाला जुन्याचा भाबडा लोभ समजतात. मला तो भाबडा वाटत नाही. विटा, लाकूड, जमीन, खाटा-पलंग यांची किंमत ठरते आणि ती मोजून मालकी मिळते. पण त्या हॉटेलात लग्ने लागलेली असतात, रिक्षावाल्यांनी, पत्ता सांगणाऱ्यांनी, बातमीदारांनी ते नाव पन्नास-शंभर वर्षे तोंडात खेळवलेले असते. हे काम मालकाने केलेले नसते, म्हणून ते त्याला एकट्याला विकताही येऊ नये.

बॉथेलहून साधारण २५ किलोमीटरवर, सिॲटलच्या मध्यभागी याचे चांगले उदाहरण आहे. ६ डिसेंबर १९२४ रोजी तिथे ‘ऑलिम्पिक’ हॉटेल उघडले. त्यासाठी शहरातल्या नागरिकांनी रोखे विकत घेऊन पैसा उभा केला होता आणि नावसुद्धा लोकांकडून स्पर्धेतून मागवले होते. जमीन वॉशिंग्टन विद्यापीठाची, आजही त्यांचीच. १९७०च्या दशकात हे हॉटेल पाडण्याचा विचार पुढे आला, तेव्हा शहर उठले. १९७९ साली इमारत राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत गेली. मग फोर सीझन्स कंपनीने मोठी डागडुजी करून १९८२ साली ते पुन्हा उघडले, ‘फोर सीझन्स ऑलिम्पिक’ म्हणून. २००३ मध्ये चालवणारे पुन्हा बदलले आणि ते ‘फेअरमाँट ऑलिम्पिक’ झाले. पुढे फोर सीझन्सने त्याच शहरात दुसरीकडे स्वतःचे नवे हॉटेल बांधले. ब्रँड उठून दुसऱ्या इमारतीत गेला, ‘ऑलिम्पिक’ जागचे हलले नाही. तिथे मोठा गदारोळ कधी झाला नाही, कारण नवी कंपनी आपले नाव पुढे जोडत गेली, जुने पुसत गेली नाही.

गदारोळ झाला तो कॅलिफोर्नियात, आणि तो प्रसंग सविस्तर सांगण्यासारखा आहे.

योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातले ‘अवानी’ हॉटेल जुलै १९२७ मध्ये उघडले. वास्तुविशारद गिल्बर्ट स्टॅनली अंडरवुड. दगडी खांब, प्रचंड भोजनगृह, खिडक्यांतून दिसणारे कडे. त्या दरीला तिथले आदिवासी ज्या नावाने ओळखत, तेच हॉटेलाला दिले. त्याच लोकांना १८५१ साली सैनिकी तुकडी पाठवून दरीतून हुसकावले होते, हेही विसरता येत नाही. म्हणजे नाव मुळातच उसने, आणि ज्यांचे होते त्यांना न विचारता घेतलेले.

उद्यान सरकारी, इमारत सरकारी. मात्र हॉटेल, दुकाने, उपाहारगृहे चालवण्याचा मक्ता खासगी कंपनीकडे. १९९३ पासून तो डेलावेअर नॉर्थ या कंपनीकडे होता. २०१५ साली नवा मक्ता अरामार्क कंपनीला मिळाला, पंधरा वर्षांचा, सुमारे दोनशे कोटी डॉलर उलाढालीचा. जाता जाता जुन्या मक्तेदाराने सांगितले की अवानी, वावोना, करी व्हिलेज ही नावे आमच्या मालकीची आहेत, ट्रेडमार्क आमच्याकडे नोंदलेले आहेत, हवे असतील तर पैसे मोजा. त्यांची मागणी सुमारे ५ कोटी १० लाख डॉलरची होती. सरकारच्या हिशेबाने या हक्कांची किंमत ३५ लाख डॉलरच्या आसपास होती. प्रकरण न्यायालयात गेले.

कंपनीची बाजूही नोंदवायला हवी. मक्ता घेताना आधीच्या कंपनीची सगळी मालमत्ता हक्कांसकट विकत घ्यायला आम्हाला भाग पाडले होते, मग आम्ही जाताना पुढच्याने ती आमच्याकडून का घेऊ नये, असे तिचे म्हणणे होते. हिशेबी दृष्टीने ते अगदीच चूक म्हणता येणार नाही. चूक त्याआधी झाली होती. सरकारने मक्त्याच्या कागदात नावे कोणाची, हे कधी स्पष्ट लिहिलेच नव्हते.

खटल्याचा धोका टाळण्यासाठी उद्यान प्रशासनाने १ मार्च २०१६ पासून नावे बदलली. अवानीचे ‘मॅजेस्टिक योसेमिटी हॉटेल’ झाले, वावोना हॉटेलचे ‘बिग ट्रीज लॉज’, करी व्हिलेजचे ‘हाफ डोम व्हिलेज’. जुन्या पाट्यांवर नव्या नावांची आच्छादने चढवली गेली. खाली जुनी अक्षरे तशीच, वर नवे कापड. देशभर लोक भडकले. सह्यांच्या मोहिमा निघाल्या, वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले, आणि कितीतरी जणांनी नवे नाव उच्चारायचेच नाही असे ठरवले. राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून ‘अवानी’ या नावाने इमारतीची नोंद १९८७ सालापासून होती, तरीही ट्रेडमार्कच्या दाव्यापुढे ती नोंद नाव वाचवू शकली नाही. संताप मुख्यतः याचाच होता.

जुलै २०१९ मध्ये तडजोड झाली. १ कोटी २० लाख डॉलर दिले गेले, त्यातले सुमारे ८१ लाख अरामार्कने आणि उरलेले सरकारने. आच्छादने निघाली, जुनी अक्षरे पुन्हा दिसू लागली. अरामार्कचा मक्ता संपेल तेव्हा नावांचे हक्क विनामूल्य उद्यान प्रशासनाकडे येतील, असेही ठरले. दरम्यान कॅलिफोर्निया राज्याने धडा घेतला होता. २०१६ मध्येच कायदा करून, राज्याच्या उद्यानांतल्या मक्तेदारांना तिथल्या स्थळांच्या नावांवर मालकी सांगता येणार नाही, असे ठरवून टाकले.

आता आपल्या घरच्या कंपनीचे उदाहरण. बॉस्टनच्या पब्लिक गार्डनसमोर १९२७ पासून उभे असलेले रिट्झ-कार्लटन हॉटेल टाटांच्या इंडियन हॉटेल्स कंपनीने सुमारे १७ कोटी डॉलरला घेतले. जानेवारी २००७ मध्ये त्याचे नाव ‘ताज बॉस्टन’ झाले. आपल्याकडे अभिमान वाटला, आणि तो वाटणे साहजिक होते. मुंबईची कंपनी अमेरिकेतल्या जुन्या श्रीमंत वस्तीत आपली पाटी लावते, ही लहान घटना नव्हती. बॉस्टनकरांना मात्र आपले काहीतरी हातचे गेल्यासारखे वाटले आणि ते पुढेही ‘जुने रिट्झ’ म्हणत राहिले. नव्या रिट्झने तोवर त्याच शहरात दुसरीकडे बस्तान बसवले होते, त्यामुळे जुन्याला जुने म्हणण्याची सोयही होती. २०१६ मध्ये टाटांनी ते सुमारे साडेबारा कोटी डॉलरला विकले आणि २०२१ पासून ते ‘न्यूबरी’ म्हणून चालते. पंधरा वर्षांच्या आत एकाच इमारतीची तीन नावे.

त्याच काळात ताजने ओरिएंट-एक्सप्रेस हॉटेल्सशी हातमिळवणीचा प्रस्ताव ठेवला होता. त्या कंपनीच्या प्रमुखाने २००७च्या डिसेंबरात पत्र लिहून तो फेटाळला. मुख्यतः भारतातल्या साखळीशी जोडले गेल्यास आमच्या नावाची किंमत घसरेल, असा त्या पत्राचा सूर होता. टाटा समूह दुखावला आणि दुखावणे रास्त होते, कारण त्या सुरात हीन लेखणे होते. पण बॉस्टनच्या रहिवाशांची हळहळ आणि हे पत्र एका मापाने मोजू नये. रहिवासी ‘ताज’ला नाकारत नव्हते, ‘रिट्झ’ सोडायला तयार नव्हते. नाव हीच आपली पुंजी म्हणणाऱ्या ओरिएंट-एक्सप्रेस कंपनीने २०१४ साली स्वतःचे नाव बदलून ‘बेलमंड’ केले.

बॉस्टनची हळहळ समजून घ्यायची तर उलटा विचार करावा. १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडलेले, गेटवेच्याही आधीपासून उभे असलेले ताजमहाल हॉटेल उद्या कोणी परदेशी कंपनीने घेतले आणि तिथे स्वतःची पाटी लावली, तर? २६ नोव्हेंबर २००८च्या त्या रात्री ज्या घुमटामागून धूर निघताना साऱ्या देशाने पाहिला, त्या इमारतीला दुसऱ्या नावाने हाक मारायला मुंबईकर तयार होतील का? माझ्या मते कदापि नाही. २०१७ साली ताजच्या वास्तूच्या रूपाचीच ट्रेडमार्क म्हणून नोंद झाली, भारतात इमारतीची अशी ती पहिलीच नोंद. तो हक्क कंपनीकडे आहे आणि आज तो सुरक्षित हातात आहे. पण योसेमिटीचा धडा हाच की हक्क ज्याच्या नावावर, त्याच्या मर्जीवर गाव अवलंबून.

मुंबईत पाट्या बदलण्याचे प्रसंग कमी नाहीत. नरिमन पॉइंटचे ओबेरॉय शेरेटन पुढे ओबेरॉय टॉवर्स झाले, मग हिल्टन टॉवर्स, २००८ पासून ट्रायडंट. जुन्या टॅक्सीवाल्यांच्या तोंडी अजून ‘ओबेरॉय’ येते. कफ परेडच्या ‘प्रेसिडेंट’ला आधी ‘ताज’ जोडले गेले, नंतर ‘विवांता’ आणि आता ‘सिलेक्शन्स’. पण मूळ शब्द राखला गेला, म्हणून लोकांची तक्रारही राहिली नाही. काळा घोड्याच्या वॉटसन्स हॉटेलाचे नशीब वेगळे. लोखंडी सांगाडा इंग्लंडहून आणून उभारलेली ती इमारत. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलचित्रे भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती तिथेच. हॉटेल बंद झाले, आत भाडेकरू आले, ते ‘एस्प्लनेड मॅन्शन’ झाले. नाव गेले तेव्हा कोणी ओरडले नाही, आणि पुढे सज्जे कोसळू लागले तेव्हा ही इमारत कसली, हे शेजारून जाणाऱ्यांना सांगावे लागले.

मराठी वाचकाला नामांतर हा शब्द हलका नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ साली झाला आणि १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार होईपर्यंत माणसांनी घरे गमावली, प्राण गमावले. त्यामुळे जुने नाव कधीच बदलू नये, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. तिथे लोकांनी नाव मागितले होते, न्याय म्हणून मागितले होते, आणि निर्णय लोकांच्या डोळ्यांदेखत झाला. हॉटेलांच्या बाबतीत एका बैठकीत सल्लागार कंपनीचा अहवाल मांडला जातो आणि सोमवारी पाटी उतरते. पहिल्याचा दाखला देऊन दुसऱ्याचे समर्थन करता येणार नाही.

बृहन्मुंबईचे हेरिटेज नियम भिंती, छपरे, दर्शनी भाग यांची काळजी घेतात. नाव त्यांच्या कक्षेत येत नाही. ते यावे. श्रेणीबद्ध यादीत प्रत्येक वास्तूचे प्रचलित नाव वारशाचा भाग म्हणून नोंदवावे आणि ते काढायचे असेल तर दर्शनी भाग बदलताना लागते तशीच परवानगी लागावी. नव्या चालकाला आपले नाव पुढे किंवा मागे जोडायची मुभा असावी. सिॲटलमध्ये त्याने कोणाचे नुकसान झालेले नाही. थंड हवेच्या ठिकाणची विश्रामगृहे, किल्ल्यांलगतचे सरकारी बंगले खासगी चालकांना देताना शासनाने आणि नगरपालिकांनी करारनाम्यात एवढे एकच कलम घालावे, की जागेचे नाव जागेच्या मालकाचे, म्हणजे जनतेचे, आणि करार संपला की चालकाचा त्यावर कसलाही दावा उरणार नाही. हे कलम नसल्यामुळे अमेरिकेत १ कोटी २० लाख डॉलर गेले. आपल्याकडे ते आजच्या आज, एक पैसा खर्च न करता लिहिता येईल. आपल्या गावातली अशी एखादी वास्तू भाड्याने दिली जात असेल, तर हरकती मागवल्या जातात तेव्हा वाचकांनी लेखी हरकत नोंदवावी आणि हे कलम मागून घ्यावे.