डोंगरउतारावरचे पाणी आणि भाजीचा मळा

पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणजे पश्चिमेकडचे ढग घाटमाथ्यावर रिते झाल्यानंतर डोंगरांच्या आडोशाला उरणाऱ्या कोरड्या पट्ट्यात येतो, आणि तेथील अनेक गावांत वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. तरीही एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी मिळते, हे लक्षात घेतले तर ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी ५० लाख लिटर पाणी होय. हे पाणी मोजक्या जोरदार सरींत कोसळते, उघड्या उतारावरून माती घेऊन ओढ्याला मिळते, आणि खालचा काळा पाषाण सच्छिद्र नसल्यामुळे मुरायला जागा मिळते ती वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत तेवढीच.

म्हणून काम माथ्यापासून पायथ्याकडे करत यावे लागते. उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले समतल चर पाण्याचा वेग मोडतात, त्याखालचे नालाबांध गाळ अडवतात आणि पायथ्याचा पाझर तलाव साठलेले पाणी हळूहळू जमिनीत सोडून खालच्या विहिरींची पातळी वाढवतो. माथा उघडा ठेवून पायथ्याशीच तळे खोदले, तर ते काही पावसाळ्यांतच गाळाने भरते.

त्यापुढचा टप्पा शेततळ्याचा. बाजूंना १:१ असा उतार देऊन खोदलेल्या ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते, आणि ठिबकने, म्हणजे नळीतून थेंबाथेंबाने मुळाशी पाणी दिले तर एवढ्यात साधारण एकरभर भाजीचा हंगाम निघू शकतो. मात्र रोज ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तरी भरलेल्या तळ्यातून दिवसाला साडेचार हजार लिटर पाणी उडून जाते. त्यामुळे ते उन्हाळ्यासाठी राखून ठेवण्यापेक्षा पावसाने ओढ दिल्यावर एकदोन पाणी देण्यासाठी, म्हणजे संरक्षित सिंचनासाठी वापरणे अधिक शहाणपणाचे ठरते. महिनाभरात हाती येणारी मेथी, दीड महिन्यात निघणारी कोथिंबीर आणि सासवडच्या बाजारात जाणारा वाटाणा या हिशेबात बसतात; वर्षभर पाणी पिणारा ऊस बसत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. प्लास्टिकचा कागद अंथरलेली अनेक तळी पावसाच्या पाण्याऐवजी विहिरी आणि बोअरवेल उपसून भरली जातात, आणि जमिनीखाली सर्वांसाठी असलेले पाणी अशा रीतीने एकाच्या बांधावर येऊन उन्हात उडते. याला जलसंधारण म्हणणे चुकीचे आहे.

पाणी कोणाचे, हा प्रश्न पुरंदरमध्येच फार आधी विचारला गेला होता. १९७२च्या दुष्काळानंतर अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे देवस्थानची ४० एकर उताराची जमीन खंडाने घेऊन तेथे पाणी अडवून दाखवले आणि त्या अनुभवातून पाणी पंचायतीचे नियम घडवले. त्यांनुसार पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर न ठरता कुटुंबातील माणसांवर ठरे, दर माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला कमाल अडीच एकर भिजेल एवढाच. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जात नसे, ऊस वर्ज्य होता, योजनेच्या खर्चातील पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी स्वतः उचलायचा होता, आणि ज्यांच्याजवळ गुंठाभरही जमीन नव्हती, त्यांचाही या पाण्यावर हक्क होता.