प्रदर्शनात गाळा घेताना

आठवड्याचा बाजार तुम्हांला ठाऊक आहेच. वेशीतून आत येणाऱ्या वाटेवर एक भाजीवाली बसते. दुपारच्या आत तिची पाटी रिकामी होते. दुसरी देवळाच्या मागे बसते. भाजी तीच, भावही तोच. पण तिची निम्मी भाजी संध्याकाळी सुकून जाते. तिच्या भाजीत खोट नाही, तिची जागा चुकली.

शहरातल्या प्रदर्शनातही असेच होते. फरक एवढाच, की तिथे जागेचे पैसे आधी मोजावे लागतात. एकदा पैसे भरले की जागा सहसा बदलून मिळत नाही. म्हणून आधी नीट पाहावे, मगच पैसे भरावेत.

प्रदर्शन म्हणजे काय?

पुष्कळ विकणारे चार-पाच दिवस एका ठिकाणी माल मांडून बसतात. प्रत्येकाला एक लहान जागा मिळते. तिला गाळा म्हणतात. कोणी स्टॉल म्हणतात. मुंबईत ‘महालक्ष्मी सरस’ या नावाचे मोठे प्रदर्शन भरत आले आहे. राज्यभरातल्या बचत गटांच्या बाया तिथे आपला माल आणतात. पण सगळी प्रदर्शने एवढी मोठी नसतात. पुष्कळशी लहान असतात, आणि गावाकडच्या गटाची सुरुवात बहुधा लहान प्रदर्शनातच होते.

गिरगावचे उदाहरण घेऊ. गिरगाव हा दक्षिण मुंबईतला जुना मराठी वस्तीचा भाग. झावबावाडी, फणसवाडी, खोताची वाडी अशा इथल्या वाड्या. दिवाळीच्या आधी, कधी गणपतीच्या आधी, अशा वस्तीत सभागृहात किंवा मंगल कार्यालयात प्रदर्शने भरतात. इथल्या पुष्कळ घरांचे मूळ कोकणात. म्हणून मालवणी मसाला, कोकम, कुळथाचे पीठ, पापड यांना इथे गिऱ्हाईक आहे. पण गिऱ्हाईक आहे म्हणून ते तुमच्याच गाळ्यापाशी येईल, असे नाही.

माणसे कुठून येतात, कुठे जातात?

चर्नी रोड हे इथले रेल्वेचे स्टेशन. सकाळी गाडीतून उतरलेला माणूस कामावर निघालेला असतो. त्याचा डोळा घड्याळावर. तो तुमच्याकडे बघणारही नाही. संध्याकाळी तोच माणूस उलट्या वाटेने स्टेशनकडे येतो. आता त्याला घरी काहीतरी न्यायचे असते. तो थांबतो, वास घेतो, भाव विचारतो. म्हणून प्रदर्शन संध्याकाळच्या वाटेवर आहे का, ते पाहा. संध्याकाळी ते किती वाजेपर्यंत उघडे राहते, तेही विचारा. सहालाच दार बंद होणार असेल, तर हे गिऱ्हाईक हातचे गेले.

वाटा बदलतातही. पूर्वी गिरगावातून ट्राम धावत असे. १९६४ साली मुंबईतली ट्राम बंद झाली. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी जमिनीखालून धावणाऱ्या मेट्रोचे गिरगाव स्टेशन लोकांसाठी उघडले. माणसे आता त्या जिन्यांतूनही वर येतात. म्हणून ‘मागे इथे खूप खपले होते’ एवढ्यावर विसंबू नका. यंदा माणसे कुठून येतात, ते पाहा.

पावले मोजा

जागेची पारख करण्याचा सोपा उपाय आहे. त्याच सभागृहात आधी दुसरे प्रदर्शन भरले असेल, तर तिथे जाऊन पाव तास उभे राहावे. समोरून किती माणसे गेली? त्यांतली किती थांबली? आता तुम्हांला लिहिता येते. कागदावर रेघा ओढा. जाणाऱ्यांच्या रेघा एकीकडे, थांबणाऱ्यांच्या दुसरीकडे. नुसती गर्दी पाहून भुलू नका. थांबणारा माणूसच विकत घेतो.

‘एवढ्यासाठी मुंबईला कोण जाणार?’ असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण गटातल्या कोणाचा भाऊ, कोणाची नणंद मुंबईत असतेच. त्यांना सांगा. तेही जमले नाही, तर मागच्या वर्षी तिथे बसलेल्या दोन-तीन बायांना विचारा. आणि गाळ्यांचा नकाशा मागवून घ्या. नकाशात दार कुठे, जिना कुठे, वाट कुठे, हे बोट ठेवून पाहा.

गाळ्यात काय पाहावे?

दाराच्या अगदी तोंडाशी असलेली जागा चांगली वाटते. पण आत शिरणारा माणूस समोर बघत पुढे जातो. मागून दुसरा ढकलत असतो. म्हणून दारापासून तिसरा-चौथा गाळा पुष्कळदा बरा पडतो.

कोपऱ्याचा गाळा दोन बाजूंनी उघडा असतो. दोन वाटांवरची माणसे माल पाहतात. मात्र त्याचे भाडे जास्त असते.

वाट जिथे संपते, तिथला गाळा घेऊ नये. अर्धी माणसे तिथवर पोचतच नाहीत. खांबाच्या आडची जागाही नको. कर्ण्याच्या शेजारची तर नकोच. तिथे भाव सांगितलेला ऐकू येत नाही.

मग आपला माल पाहा. पापडाला ओल चालत नाही, म्हणून नळाजवळची जागा नको. कोकमाच्या आगळाला ऊन नको. लुगड्यांना उजेड हवा, नाहीतर रंग कळत नाही. लोणच्याच्या जड बरण्या असतील, तर वरचा मजला टाळा. माल चढवताना कंबर मोडते, आणि म्हातारी माणसे जिना चढत नाहीत.

शेजारही पाहा. वडे-भज्यांच्या गाळ्यापाशी माणसे रेंगाळतात. फराळ विकणारीला ते चांगले. पण कापडाला तळणीचा धूर लागतो. दोन्ही बाजूंना तुमच्यासारखाच मसाला असेल, तर भाव पाडावा लागतो. शेजारी पापड असला, तर पापड घेणारी बाई मसालाही घेते.

भाड्याचा हिशेब

स्वस्त गाळा घ्यावा की महाग? हिशेब करून पाहू. हे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत.

समजा, एका गटाने मसाल्याची पाकिटे आणली. माल तयार करण्याचा खर्च जाऊन एका पाकिटामागे ४० रुपये सुटतात. प्रदर्शन ५ दिवसांचे. एसटीचे भाडे आणि जेवणखाण मिळून २,५०० रुपये. तो खर्च कुठल्याही गाळ्यात सारखाच.

पहिला गाळा वाटेच्या टोकाला. भाडे ३,००० रुपये. रोज ३० पाकिटे खपली, तर ५ दिवसांत १५०. सुटले ६,००० रुपये. भाडे आणि खर्च वजा करा. हातात राहिले ५०० रुपये.

दुसरा गाळा मधल्या वाटेवर. भाडे ५,००० रुपये. रोज ६० पाकिटे खपली, तर ३००. सुटले १२,००० रुपये. वजा जाता राहिले ४,५०० रुपये.

तिसरा गाळा कोपऱ्याचा. भाडे ९,००० रुपये. रोज ७० पाकिटे खपली, तर ३५०. सुटले १४,००० रुपये. वजा जाता राहिले २,५०० रुपये.

पाहिलेत? सर्वांत स्वस्त गाळ्यात सर्वांत कमी पैसे उरले. सर्वांत महाग गाळ्यात विक्री सर्वांत जास्त झाली, पण पदरात मधल्या गाळ्याहून कमी पडले. भाड्याकडे एकटे पाहू नये, आणि विक्रीकडेही एकटे पाहू नये. शेवटी उरते किती, ते पाहावे.

गटाने भाड्यासाठी कर्ज काढले असेल, तर हा हिशेब दुप्पट महत्त्वाचा. माल परत आला, तरी हप्ता थांबत नाही. आणि तो दहा घरांच्या संसारातून भरावा लागतो.

विचारायला लाजू नका

प्रदर्शन भरवणारे कधी म्हणतात, “ताई, सगळे गाळे सारखेच आहेत. पैसे भरा, नंबर मागाहून सांगतो.”

अशा वेळी शांतपणे म्हणावे, “दादा, सारखे असतील तर भाडे वेगवेगळे का? आम्हांला नकाशा दाखवा.”

यात भांडण नाही. आपल्या पैशाची चौकशी आहे.

काही ठिकाणी गाळे चिठ्ठ्या टाकून देतात. तिथे निवड आपल्या हातात नसते. पण चिठ्ठी निघण्याआधी कुठे कोण बसणार, मसाल्याची रांग वेगळी आहे का, हे विचारता येते. वाईट जागा आली, तर रिकामे बसू नका. गटातल्या एकीने मसाल्याची वाटी घेऊन मधल्या वाटेवर उभे राहावे. वास देऊन गिऱ्हाइकाला गाळ्यापर्यंत आणावे. त्याआधी भरवणाऱ्यांची परवानगी मात्र घ्यावी.

पैसे दिले की पावती घ्या, आणि तिथेच वाचा. गाळ्याचा नंबर आहे का? लांबी-रुंदी किती फूट? दिवस किती? टेबल, दिवा, खुर्ची भाड्यात आहे की वेगळी? अनामत रक्कम परत कधी मिळणार? जे तोंडी सांगितले, ते कागदावर नसेल तर लिहून मागा. अक्षरे शिकलात, ती अशाच वेळी कामाला येतात.

तुम्ही सांगा

१. दाराच्या तोंडाशी असलेला गाळा नेहमी चांगला का नसतो?

२. वरच्या हिशेबात मधल्या गाळ्याचे भाडे ७,००० रुपये झाले, तर गटाला किती उरतील? मग कोणता गाळा घ्याल?

३. तुमच्या गावच्या बाजारात सर्वांत चांगली जागा कोणती? येत्या बाजारी पाव तास उभे राहून रेघा ओढा. तुमचा अंदाज बरोबर होता का, ते ताडून पाहा.