सुई-तपासणी आणि जागा रोगी



आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा चौथीपर्यंतची, पुढचे शिक्षण वाचनालयाने आणि कामगारांच्या अर्जांनी दिले. तरी हा विषय घेतला, त्याला कारण आहे. युनियनमधला आमचा एक जुना हमाल साथी, वय ६७. लघवीला त्रास, रक्तातील पीएसए वाढलेला. प्रोस्टेटचा तुकडा काढून तपासायचे ठरले. पहिल्याच टोचणीला गडी टेबलावरून उतरला आणि एस्टी धरून मोर्शीला परत आला. आम्ही रागावलो, तेव्हा म्हणाला, "दादा, सुईले भेलो नाई मी. पन मले कोनी काई सांगतलंच नाई." त्या पायी सात महिने वाया गेले.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली, मूत्रनळीभोवती असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी. वय झाले की ती वाढते. पीएसए वाढला म्हणजे कर्करोगच, असे नव्हे. ग्रंथी नुसती फुगली वा सुजली, तरीही तो वाढतो. खरा निकाल सूक्ष्मदर्शकाखाली लागतो. त्यासाठी गुदद्वारातून बोटाएवढा सोनोग्राफीचा दांडा घालून ग्रंथी पाहतात आणि बारीक सुईने बहुधा १० ते १२ धाग्यासारखे तुकडे घेतात. ही सुई गुदाशयातून किंवा अंडकोशामागील कातडीतून जाते. रोगी पुष्कळदा जागाच असतो. बधिर होते ती फक्त जागा.

ही बधिरता येते कशी? १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखविला. १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केले. तेच आज सर्रास वापरतात. पूर्वी तारखात्याचा संप झाला की तार पोचत नसे, तसेच येथे घडते. दुखण्याची वार्ता मज्जातंतूतून मेंदूकडे जाते. लिग्नोकेन ती वाट काही काळ अडवते. पण टोचल्याबरोबर संप यशस्वी होत नाही! औषध भिनायला काही मिनिटे लागतात. तेवढे थांबणे हा उपचाराचाच भाग होय.

दुसरी गोष्ट. ग्रंथीभोवती दिलेल्या औषधाने सुईचे दुखणे पुष्कळ कमी होते, पण दांड्याचा ताण फारसा जात नाही. त्याला उपाय म्हणजे बधिर करणारी जेली, सावकाश हात आणि रोग्याने अंग सैल सोडणे. भ्यालेला माणूस अंग आवळतो, आवळले की अधिक दुखते. म्हणून धीर देणे ही नुसती दया नव्हे, तो कामाचाच भाग आहे.

तिसरी गोष्ट खटक्याची. तुकडा घेणारी सुई स्प्रिंगच्या जोरावर सुटते, 'खट्' असा आवाज होतो. ठाऊक नसेल तर माणूस दचकतो. तो आवाज आधी एकदा ऐकवावा, "आता खटका होईल" एवढे सांगावे. अंगावर चादर, दार बंद, खोलीत नको ती गर्दी नाही. आमच्या पिढीच्या पुरुषाला दुखण्याहून लाज भारी असते.

कोणी म्हणेल, दवाखान्यात रांग लागलेली, डॉक्टरला वेळ कोठला? खरे आहे. डॉक्टर व परिचारिका हेही कामकरीच, त्यांना पुरेसे हात मिळावेत ही मागणी आम्ही करूच. पण सांगायला दोन मिनिटे लागतात. पळालेला रोगी परत आणायला सात महिने लागले.

रोग्याचेही कर्तव्य आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा औषधाची ॲलर्जी असेल तर आधी सांगावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. नंतर काही दिवस लघवीत आणि काही आठवडे वीर्यात थोडे रक्त दिसू शकते, त्याने घाबरू नये. मात्र थंडी वाजून ताप आला, लघवी अडली किंवा रक्त थांबेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आमचा साथी पुन्हा गेला. या वेळी एका परिचारिकेने प्रत्येक पायरी सांगितली. "दुखलं तर बोला, आम्ही थांबू," असे म्हणाली. त्याने एकदाच थांबविले आणि तपासणी पुरी झाली. अहवालात काय आले, तो त्याचा खासगी प्रश्न. पण बंधूंनो, थांबवता येते हे ठाऊक असलेला माणूस पळत नाही, हे आम्ही कारखान्याच्या फाटकावर शिकलो होतो. तेच त्या टेबलावरही खरे निघाले.