कबरींचे दगड गेले बांधकामाला, नावं मात्र जपली : ग्रीसमधल्या ज्यू संग्रहालयाचं काम काय?

ग्रीस देशातलं थेसालोनिकी हे मोठं बंदराचं शहर. इथे एकेकाळी ज्यू समाज इतका मोठा होता की दर शनिवारी अख्खं बंदर बंद असायचं. आज या शहरात साधारण हजारभरच ज्यू राहतात. मग एवढ्या मोठ्या समाजाचा वारसा जपायचा कुणी? २००१ सालापासून हे काम शहरातलं ज्यू संग्रहालय करतंय. त्यातल्या सगळ्यात मोलाच्या वस्तू सोन्या-चांदीच्या नाहीत. त्या आहेत कबरींवरचे फुटके-तुटके दगड.

शनिवारी बंदर बंद का?

ज्यू धर्मात शनिवार हा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी कामधंदा करायचा नाही. आपल्या रायगड जिल्ह्यातले बेने इस्रायली तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ नाव पडलं. थेसालोनिकीतही तीच रीत होती. बंदरातले हमाल, नावाडी, व्यापारी बहुतेक ज्यूच. ते सुट्टीवर गेले की जहाजातला माल उतरवणार कोण?

यातल्या बहुतेकांचे पूर्वज स्पेनमधले. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देशाबाहेर काढलं. तेव्हा थेसालोनिकीवर तुर्कांचं राज्य होतं आणि तुर्की सुलतानाने त्यांना आसरा दिला. पुढे चारशे-साडेचारशे वर्षं हे लोक घरात ‘लादिनो’ ही जुन्या स्पॅनिश वळणाची भाषा बोलत राहिले. १९१२ मध्ये शहर ग्रीसकडे आलं. १९१७ च्या मोठ्या आगीत ज्यू वस्तीचा बराच भाग जळाला, तरी समाज टिकून राहिला.

मग झालं काय?

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या एप्रिलमध्ये, जर्मन नाझी सैन्याने शहर घेतलं. ११ जुलै १९४२ ला सुमारे नऊ हजार ज्यू पुरुषांना एका चौकात भर उन्हात उभं केलं, त्यांची विटंबना केली. नंतर हजारोंना सक्तीच्या मजुरीवर पाठवलं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शहराचं जुनं ज्यू कबरस्तान मोडायला सुरुवात झाली. जर्मनांनी परवानगी दिली आणि स्थानिक प्रशासनाने ते काम केलं. तिथे तीन लाखांवर कबरी असाव्यात, असा अंदाज आहे. कबरींचे संगमरवरी दगड बांधकामाचा माल म्हणून गेले. कुठे रस्त्याच्या फरसबंदीला, कुठे भिंतीला, तर कुठे चर्चच्या दुरुस्तीला ते लागले. आज त्या जागेवर विद्यापीठ उभं आहे.

१५ मार्च १९४३ ला ज्यूंना भरलेली पहिली रेल्वेगाडी पोलंडमधल्या ऑशविट्झ छळछावणीकडे निघाली. ऑगस्टपर्यंत ४५ हजारांहून जास्त माणसं नेली गेली. त्यातली बहुतेक परत आली नाहीत.

संग्रहालय काय जपतं?

माणसं गेली, घरं गेली. समाजाची दप्तरंही नाझींनी उचलून नेली, त्यातला काही भाग युद्धानंतर थेट मॉस्कोला पोचला. म्हणजे कोण कुणाचा, कधी जन्मला, कधी वारला याची कागदावरची नोंदसुद्धा शहरात पुरती उरली नाही. म्हणून कबरीच्या दगडाला एवढी किंमत. त्यावर माणसाचं नाव, बापाचं नाव, मृत्यूची तारीख कोरलेली असते. एक दगड वाचला की निदान एका माणसाची नोंद परत मिळते.

संग्रहालयाच्या तळमजल्यावर असे दगड मांडलेत. शेजारी जुन्या कबरस्तानाचे फोटो आहेत, त्यामुळे ती जागा मुळात कशी दिसायची ते समजतं. मायकेल मोल्हो आणि आयझॅक इमॅन्युएल या समाजातल्याच अभ्यासकांनी असे शेकडो लेख उतरवून घेतले होते. दगड हरवला तरी ते लेख त्यामुळे वाचता येतात.

वरच्या मजल्यावर समाजाचा पूर्ण इतिहास सांगितलाय. पूजेच्या वस्तू, कपडे, छापील पुस्तकं, घरगुती फोटो असं सगळं तिथे आहे. छळछावणीचा भाग वेगळा ठेवलाय. हे लोक कसे मारले गेले एवढंच नाही, तर ते कसे जगत होते हेही लोकांना कळावं, अशी ही मांडणी आहे.

संग्रहालयाची इमारतही या इतिहासाचाच भाग. ती १९०४ ची आहे आणि १९१७ च्या आगीतून वाचलेली. तिथे आधी बँक होती, ज्यू समाजाच्या एका फ्रेंच वर्तमानपत्राची कचेरीही होती.

शहराने काय केलं?

बरीच वर्षं शहरात या विषयावर फारसं कुणी बोलत नव्हतं. आता चित्र बदलतंय. २०१३ पासून मार्च महिन्यात त्या गाड्यांची आठवण म्हणून लोक मोर्चाने जुन्या रेल्वे स्टेशनपर्यंत चालत जातात. २०१४ मध्ये विद्यापीठाच्या आवारात कबरस्तानाचं स्मारक उभं राहिलं. आपण शिकतोय ती जमीन आधी कुणाची होती, हे आता तिथल्या विद्यार्थ्यांना कळतं.