अंथरुणा-पांघरुणांचे फडताळ

मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या कापूसबाजारात एके काळी वऱ्हाडचा कापूस ‘उमरा’ या नावाने ओळखला जात असे. हे नाव म्हणजे आपल्या उमरावतीचेच, अर्थात अमरावतीचे, व्यापाऱ्यांच्या तोंडी झालेले रूप होय. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडील कापूस विलायतेस पोहोचेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील रुईला सोन्याचा भाव आला. १८६७ साली लोहमार्ग बडनेऱ्यावरून नागपुरास जाऊन भिडला. १८७७ च्या जानेवारीत जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल तेथे सुरू झाली. ज्या प्रांताने जगाला वस्त्र पुरविले, त्या प्रांतातील सुशिक्षित घरात रात्री साडेदहाला चार पाहुणे उतरले म्हणजे धड चादर हाती लागू नये, याला काय म्हणावे! चादरी घरात नसतात असे नव्हे. त्या असतात, पण कोणती कोठे आहे, कोणती फाटली आहे, कोणती परटाकडून आलीच नाही, हे एकट्या गृहिणीला ठाऊक, आणि ती नेमकी त्या वेळी स्वयंपाकघरात अडकलेली.

वस्त्रांसाठी स्वतंत्र खोली असणे हे श्रीमंतांचे चोचले. आपल्याकडे बहुधा भिंतीतले एखादे फडताळ किंवा एक पोलादी कपाट आणि माळ्यावरच्या दोन ट्रंका, एवढ्यावरच सारा कारभार चालतो. तेवढी जागा पुरेशी आहे. मात्र ती पुरावी अशी इच्छा असेल तर आधी सर्व वस्त्रे बाहेर काढून एकदा मोजली पाहिजेत. सतरंज्या, जाजमे, पलंगपोस, चादरी, उशांचे अभ्रे, लोड-तक्क्यांच्या खोळी, दुलया, गोधड्या, घोंगड्या, पंचे, टॉवेल असे वेगवेगळे ढीग बैठकीत मांडून पाहावे. ज्या घरात माणसे नऊ आणि चादरी बेचाळीस, पण त्यांपैकी पाहुण्यांपुढे घालण्याजोग्या अवघ्या सात, असे घर दुर्मिळ नाही.

दर अंथरुणामागे तीन चादरी हा सर्वसाधारण हिशेब: एक अंथरलेली, एक धुण्यात, एक फडताळात. वऱ्हाडात पावसाळ्याचे दोन महिने हा हिशेब कोलमडतो, कारण धुतलेली जाड चादर दोन-दोन दिवस वाळत नाही. म्हणून चौथी हवी. पाहुण्यांसाठी निराळ्या सहा-आठ ठेवाव्यात. हा आकडा लग्नसराईवरून न ठरविता महालक्ष्म्यांवरून ठरवावा, असे माझे मत आहे. लग्नात कार्यालय असते, भाड्याच्या गाद्या असतात. पण भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांसाठी नागपूर-पुण्याकडील दीर-जावा, नणंदा मूळ घरी येतात, त्या घरातच निजतात, आणि हवा तर दमट असते. तेव्हा त्या सणापूर्वी पहिल्या चांगल्या उघडिपीला पाहुण्यांची अंथरुणे बाहेर काढून वारा दाखविला पाहिजे. आयत्या वेळी काढलेल्या गादीला कुबट वास येतो आणि पाहुणी संकोचाने काही बोलत नाही.

आता रचनेविषयी. सर्व चादरींच्या घड्या एकाच रुंदीच्या असाव्यात. ती रुंदी फळीच्या खोलीवरून ठरवावी. घडीची बंद बाजू पुढे यावी, म्हणजे मधली एक ओढली तर वरच्या चार कोसळत नाहीत. एका अंथरुणाची चादर आणि तिचे दोन अभ्रे एकत्र करून तिसऱ्या अभ्र्यात घालून ठेवण्याची युक्ती फार सोयीची आहे. अंधारातही संच हाती येतो. मोठ्या पलंगाच्या चादरींच्या कोपऱ्यास तांबड्या दोऱ्याचा टाका, लहानांस निळ्या दोऱ्याचा. एवढी खूण केली म्हणजे घरातील आठ वर्षांचे मूलही बरोबर चादर आणून देते. धुऊन आलेली घडी नेहमी खाली सरकवावी व वापरावयाची वरून घ्यावी; अन्यथा वरच्या चारच चादरी झिजत राहतात आणि खालच्या घडीवर पिवळ्या होतात. जड दुलया तळाशी ठेवण्याचा प्रघात योग्यच आहे; पण घरातील वृद्धांचे पंचे व पांघरुणे मात्र कमरेच्या उंचीवर असावीत. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना स्वतःच्या शालीसाठी वाकावे लागू नये आणि दर वेळी सुनेला हाकही मारावी लागू नये.

फडताळ कोणत्या भिंतीत आहे, याकडे आपण फारसे लक्ष देत नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उभ्या असलेल्या जुन्या भिंतींना त्यामुळे तडे जातात, आणि त्या वाटेने ओल आणि वाळवी दोन्ही आत येतात. वाळवीला सुती कापड व लाकूड यांत भेद नाही. म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटे दूर आणि जमिनीपासून वीतभर उंच असावे. भिंतीतल्या फडताळाला मागून व बाजूंनी फळ्या असाव्यात. याखेरीज अलीकडे एक नवाच उपद्रव उत्पन्न झाला आहे. अमरावती-अकोल्याच्या उन्हाळ्यात कूलरवाचून निभाव लागत नाही. आणि ज्या खोलीत रात्रंदिवस कूलर चालतो तेथील हवा मे महिन्यातही ओलसर असते. त्या खोलीतील कपाटात भर वैशाखात चादरींना बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि गृहिणी परटाला दोष देते. वस्त्रांचे कपाट कूलरच्या खोलीत ठेवू नये. नाइलाज असेल तर दिवसाकाठी तासभर, कूलर बंद असताना, त्याची दारे सताड उघडी टाकावीत.

किडींच्या बाबतीत आपल्या घरांतून बरेच गैरसमज आहेत. आपण सर्वांनाच सरसकट ‘कसर’ म्हणतो. परंतु शत्रू दोन जातींचे आहेत. चंदेरी रंगाची, चपळ, पंख नसलेली कसर खळीवर जगते. कागद, पुस्तकांची बांधणी, खळ दिलेले सुती कापड हे तिचे अन्न. दुसरी म्हणजे बारीक पतंगाची अळी. ती सुती वस्त्राच्या वाटेस सहसा जात नाही. तिला लोकर आणि रेशीम, म्हणजे प्राण्यांपासून आलेला धागा लागतो, आणि त्यातही घामाचा व अन्नाचा डाग असलेला भाग ती आधी कुरतडते. हा भेद कळला म्हणजे निम्मे काम झाले. सुती चादरी दीर्घकाळ ठेवावयाच्या असतील तर खळ न देता ठेवाव्यात. लोकरी व रेशमी वस्त्रे स्वच्छ केल्यावाचून कधीही बंद करू नयेत.

येथे सोवळ्याच्या वस्त्रांविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. मुकटा, कद, पीतांबर, धाबळी ही आपण निराळ्या पेटीत ठेवतो ती विटाळाच्या कल्पनेने. पण त्यामुळे रेशीम व लोकर सुतापासून आपोआपच वेगळी राहत आली, हा त्या प्रथेचा एक नकळत झालेला फायदा. तोटा असा की, सोवळ्याची वस्त्रे वारंवार धुण्याची चाल नाही. तुपाचा एखादा थेंब, कपाळीच्या गंधाचा ओघळ, उन्हाळ्यातला घाम हे सारे तसेच घडीत जाते, आणि पुढील श्रावणीला मुकट्याला भोके दिसतात. ही वस्त्रे वापरल्यावर त्याच दिवशी सावलीत वाऱ्यावर टाकावीत आणि वर्षातून निदान एकदा नीट धुवावीत. यात सोवळे मोडत नाही.

कडुनिंबाचा पाला आणि वेखंड आपल्या आज्या घालीत. त्यांचा उपयोग थोडा होतो, पण तेवढ्यावर विसंबून राहणे बरे नव्हे. पाला ओला राहिला तर उलट डाग पडतात. आपल्या प्रांताला निसर्गाने याहून मोठे औषध फुकट दिले आहे. मेच्या अखेरीस नवतपा लागतो, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो आणि गच्चीवरची फरशी पायाला पोळते. त्या दिवसांत घोंगड्या, कांबळी, गाद्या भर दुपारी उन्हात टाकून त्यांवर गडद रंगाचे कापड घालावे. वस्त्राची उष्णता पन्नास अंशांच्या वर काही तास टिकली की पतंगाची अंडी व अळ्या दोन्ही मरतात. तासाभराने उलटावे आणि सायंकाळी काठीने झोडपून, पुरते निवल्यावर आत न्यावे. रंगीत रेशमाला मात्र हे ऊन दाखवू नये. त्याला सावलीतला वाराच पुरे.

डांबरगोळ्यांचा प्रश्न मी मुद्दाम राखून ठेवला आहे, कारण तो केवळ वस्त्रांचा नाही. मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येते. तिची आई माळ्यावरची ट्रंक उघडून थोरल्या नातवाची कुंची, टोपडी, दुपटी आणि मऊ लुगड्याची लहानशी गोधडी बाहेर काढते. त्या ट्रंकेत चार-पाच वर्षे डांबरगोळ्या पडलेल्या असतात. हौसेने तीच वस्त्रे झटकून बाळाच्या अंगावर घातली जातात. काही अर्भकांच्या रक्तात तांबड्या पेशींचे रक्षण करणारे जी-६-पी-डी नावाचे द्रव्य जन्मतःच कमी असते. हा दोष आईकडून येतो आणि मुलग्यांत अधिक आढळतो. बाहेरून त्याची काहीच खूण दिसत नाही. अशा बाळाच्या श्वासातून किंवा त्वचेतून त्या गोळ्यांची वाफ शरीरात गेली, तर त्याच्या तांबड्या पेशी भराभर फुटू लागतात. अंगाला तेल चोळलेले असेल तर ती त्वचेतून अधिक शोषली जाते, आणि आपल्याकडे तर बाळाला रोज तेल लागते. बाळ फिकट पडते, डोळे व अंग पिवळे होते, लघवी काळपट होते. कावीळ वाढली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, क्वचित प्राणावरही बेतते. घरातील वडीलधारी मंडळी ‘बाळाला कावीळ व्हायचीच, कोवळे ऊन दाखवा’ असे म्हणून दिवस दवडतात. हे दिवस दवडण्याचे नव्हेत. बाळ पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, आणि कपड्यांत डांबरगोळ्या होत्या हे त्यांना आवर्जून सांगावे; विचारल्यावाचून ते त्यांना कसे कळणार?

तेव्हा बाळाची वस्त्रे ज्या पेटीत असतील तीत डांबरगोळी कधीही घालू नये. ती धुऊन, कडक वाळवून, सुती पिशवीत बांधून ठेवावीत. सुती वस्त्रांना पतंगाचे भय नाही, हे वर आलेच आहे. मग गोळ्या हव्यात कशाला? पूर्वी घातल्या असतील तर ती वस्त्रे बाळंतपणाच्या महिनाभर आधी काढून पुन्हा पुन्हा धुवावीत, काही दिवस वाऱ्या-उन्हात ठेवावीत आणि वास पुरता गेल्याखेरीज वापरू नयेत. शंका असेल तर ती देऊन टाकण्यापेक्षा फरशी पुसावयास घ्यावीत. दुसऱ्याच्या बाळाला ती कशी चालतील? कापराच्या वड्या हा पर्याय काही ठिकाणी सुचविला जातो. पण रांगत्या मुलाने कापूर गिळला तर त्याला झटके येतात, हे लक्षात असावे.

आणखी एक गोष्ट आहे, ती थोडी नाजूक. एकत्र कुटुंबातील फडताळ उघडे करून पाहिले म्हणजे त्या घरातील माणसांची उतरंड दिसते. जावयाची चादर निराळी, थोरल्या भावजींची दुलई निराळी. आणि ज्याच्या बाजूने बोलावयास कोणी नाही त्याच्या वाट्याला ठिगळाची गोधडी. १९२३ साली अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघाले, तेव्हापासून खेड्यापाड्यांतील किती मुले या गावात नातेवाइकांकडे वळकटी घेऊन शिकावयास राहिली असतील! त्यांच्या वळकटीत काय होते आणि थंडीच्या दिवसांत काय कमी पडत होते, याची चौकशी काही घरांत होत असे, काही घरांत होत नसे. आजही आश्रयाला असलेली आत्या, परीक्षेसाठी आलेला पुतण्या, रात्रीचा मुक्काम करणारी कामाची बाई यांच्या अंगावर आपण काय घालतो, हे मोजदादीच्या दिवशी पाहावे. विरलेल्या चादरींचा निराळा ढीग करून तो कोणाच्याही अंथरुणावर जाणार नाही, असा घरात एकदा ठराव करून टाकावा. फडताळाची किल्ली एकीच्याच कमरेला असण्याची रीतही मला गैरसोयीची वाटते. दागिन्यांना आणि पैठणीला कुलूप असावे. चादरीला ते कशाला? आतल्या बाजूस यादी चिकटवावी आणि घरातील कोणत्याही माणसाला रात्री थंडी वाजली तर न विचारता पांघरूण घेता यावे.

पैठण्या व शालू यांविषयी थोडक्यात सांगावयाचे तर त्या मऊ, धुतलेल्या मलमलीत गुंडाळाव्यात, जरीला डांबरगोळी लागू देऊ नये आणि तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी. वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवलेले वस्त्र त्या घडीवरच चिरते.

विरलेल्या चादरींचे काय करावे, हा प्रश्न उरतो. चादर बहुतेक मध्येच विरते, कडा शाबूत असतात. ती उभी मधून फाडून दोन्ही कडा एकमेकींस जोडाव्यात आणि विरलेला भाग बाहेर घेऊन दुमडून शिवावा. आणखी दोन वर्षे सहज निघतात. मधोमध शिवण येते म्हणून ती मुलांच्या अंथरुणाला घालावी. तीही विरली की तिचे अभ्रे होतात, अभ्रे विरले की पुसणी. सुती लुगड्यांच्या गोधड्या करण्याची कला अजून आपल्या घरांतून अगदीच गेलेली नाही. मात्र सिंथेटिक साड्यांची गोधडी घाम शोषत नाही आणि ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटते, यासाठी ती मुलांना व चुलीजवळ निजणाऱ्यांना देऊ नये. जुन्या धोतरांचे मऊ तुकडे चौकोनी कापून एका पिशवीत फडताळाच्या तळाशी ठेवावेत. आजाऱ्याच्या उशाशी, बाळंतिणीच्या खोलीत आणि समईच्या वातींसाठी ते महिनाभर पुरतात.