विहिरीतली बुडी आणि समुद्रातली

प्रवास आणि प्रकृती : लेखांक नववा

नगर जिल्ह्याला समुद्र नाही, पण बुडी मारणाऱ्यांची इथे कधी वाण नव्हती. पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललेली पोरे दोन उन्हाळ्यांत सूर मारायला शिकत आणि एका दमात तळाचा गाळ मुठीत घेऊन वर येत. ती पोरे आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. ग्रुप टूरने थायलंड, बाली, मालदीवला जातात, आणि कार्यक्रमात स्कुबा डायव्हिंग दिसले की म्हणतात, ‘आपल्याला काय त्याचं, आपण विहिरीत शिकलोय!’

अडचण नेमकी इथेच आहे. विहिरीत आपण वरची हवा छातीत भरून खाली जातो. खाली दाबाने ती आकसते आणि वर येताना पुन्हा होती तेवढी होते. फुप्फुसाला त्याचा त्रास नाही. स्कुबामध्ये मात्र पाण्याखाली श्वास घ्यायचा असतो आणि टाकीतून येणारी हवा त्या खोलीच्या दाबाने येते. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छाती भरून घेतली, विहिरीच्या सवयीने दम धरला आणि वर आलो, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटते, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. पोहण्याच्या तलावाएवढ्या खोलीतूनही हे होऊ शकते. म्हणून पहिला धडा असतो : दम कधीही धरू नका.

दम न धरताही ज्याच्या छातीत हवा अडकून राहते, त्याचे काय? दम्यात श्वासनलिका आवळतात, त्यामागची हवा वेळेत बाहेर पडत नाही. छातीत आपोआप हवा भरून फुप्फुस एकदा मिटले असेल, तर डॉक्टर बहुधा कायमचा नकार देतात. आपल्याकडे आणखी एक गोष्ट विचारायलाच हवी : टीबी. लहानपणी झाला, औषधांनी बरा झाला, घरचेही विसरले. पण फुप्फुसावर वण किंवा पोकळी उरलेली असू शकते. अशा माणसाने छातीचा एक्स-रे काढल्याशिवाय पाण्याखाली जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बहुतेक मोठ्या प्रशिक्षण संस्था एकच प्रश्नावली वापरतात. ‘अंडरसी अँड हायपरबॅरिक मेडिकल सोसायटी’च्या सहकार्याने तयार झालेली तिची सुधारित आवृत्ती 2020 मध्ये आली. पहिल्या पानावर दहा प्रश्न आहेत. सगळ्यांना ‘नाही’ असेल तर सही करून मोकळे. काही प्रश्नांना ‘हो’ असेल तर पुढच्या पानावरचा चौकशीचा रकाना भरायचा, आणि काहींना ‘हो’ म्हटले की थेट डॉक्टरची सही लागते. तिसरा प्रश्न दमसासाचा आहे : 1.6 किलोमीटर चौदा मिनिटांत चालणे किंवा न थांबता दोनशे मीटर पोहणे जड जाते का? टूरआधी पहाटे घड्याळ लावून एकदा चालून पाहा. अनेकांचा विहिरीचा अभिमान तिथेच थोडा निवतो.

आपल्या वयाच्या मंडळींना अडवतो तो दहावा प्रश्न : डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे चालू आहेत का? बीपीची रोजची एक गोळी म्हणजेही ‘हो’. वय पंचेचाळीसच्या वर असेल तर धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि घरातला पन्नाशीआधीचा हृदयविकार यांचीही चौकशी होते. ही उगाच नाही. पाण्यात उतरताच पायांतले रक्त छातीकडे सरकते आणि हृदयावरचा भार वाढतो. त्यात प्रवाहाविरुद्ध पाय मारावे लागले तर तो आणखी वाढतो.

मधुमेह असला म्हणजे दार बंद, असे नाही. गोळ्यांचा किंवा इन्सुलिनचा डोस बराच काळ स्थिर असावा, वर्षभरात दुसऱ्याची मदत लागावी इतकी साखर उतरलेली नसावी, आणि पाण्यात उतरण्याआधी ती किमान 150 असून उतरणीला लागलेली नसावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे आहेत. गर्भवतींनी मात्र उतरूच नये.

‘हो’ म्हणजे नकार नव्हे, तपासणी. पण बोटीवर, ओल्या हाताने, मागे सहप्रवासी खोळंबलेले असताना ‘हो’ लिहिण्याचे धैर्य कुणाला होते? सगळे ‘नाही’ ठोकून देतात. पुढे काही झाले तर खोटी माहिती दिली म्हणून विमा कंपनी हात वर करू शकते. शिवाय पुष्कळ प्रवास-विम्यांत साहसी खेळ वगळलेलेच असतात. म्हणून फॉर्म निघण्याच्या महिनाभर आधी छापून घ्यावा आणि आपल्या फिजिशियनकडे न्यावा. पाण्याखालच्या वैद्यकाचे प्रशिक्षण मुंबईत नौदलाच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिन’मध्ये मिळते, नगरच्या डॉक्टरने हा कागद पूर्वी पाहिलेला नसणे साहजिक आहे. त्यांच्यासाठी फॉर्मसोबत मार्गदर्शिका असते, तीही न्यावी. ईसीजी, टीएमटी, स्पायरोमेट्री या चाचण्यांसाठी पुणे गाठावे लागत नाही. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडून कानाचा पडदा पाहून घ्यावा : दोन-तीन मीटरवरच कान दुखू लागतो, हे विहिरीत शिकलेल्याला सांगायला नको. सर्दी असेल तर बुडी रद्द. नाक मोकळे करणारी गोळी घेऊन उतरणे आणखी वाईट. तिचा असर पाण्याखाली ओसरला तर वर येताना कानात हवा कोंडते.

परदेशाआधी मालवण-तारकर्लीला हात मारून पाहणारेही बरेच. प्रश्न तेच लागू. परतीचे मात्र वेगळे. एका बुडीनंतर बारा तास आणि अनेक दिवसांच्या बुड्यांनंतर अठरा तास विमानात बसू नये, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. पण रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनला विमान काय नि घाट काय! समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या वर चढणे हेही त्याच हिशेबात धरतात. फोंडा किंवा आंबोली घाट चढून यायचे, आणि नगर तर साडेसहाशे मीटरच्या आसपास. अर्ध्या तासाच्या उथळ हौशी बुडीनंतर धोका अगदी थोडा. तरी रात्र तिथेच काढलेली बरी. कोर्स करून रोज खोल गेलेल्याने शेवटचा अख्खा दिवस सिंधुदुर्ग किल्ला पाहण्यात आणि सुरमई खाण्यात घालवावा, आणि गाडी दुसऱ्या दिवशी काढावी.

(पुढील लेखांक : लांबचा विमानप्रवास आणि पायांची सूज)